नव्या गाडीचे पाय

आबांची नवी गाडी आणायला त्यांच्यासोबत मुंबईच्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिलो, तेव्हा सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं.

मी मूळचा कोकणातला. सातवीत शाळा सुटली आणि ट्रकवर क्लीनर म्हणून फिरत फिरत धुळ्याला पोचलो. तिथं तापानं पडलो तर ट्रकवाल्यानं मला बाजारात एका ओट्यावर ठेवलं आणि तो निघून गेला. आबा कापूस विकायला आले होते. त्यांनी मला रिकाम्या ट्रॉलीत घातलं आणि पारोळ्याच्या अलीकडच्या आपल्या गावी नेलं. घर चालवायच्या आबांच्या थोरल्या बहीण, अक्का. ज्वारीच्या कण्या आणि ताक यांवर त्यांनी मला उभं केलं. बरा झालो तरी कुणी ‘आता जा’ म्हणालं नाही. मग ट्रॅक्टर माझ्या हाती आला, पुढं लायसन्सही आबांनीच काढून दिलं. मागं कोकणात परतावं असं काही उरलं नव्हतं. त्यामुळं त्या घरात मी जरा जपूनच चालायचो, भरलेली घागर डोक्यावर असल्यासारखा.

तेव्हा गाडी नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. नंबर लागला तसं धुळ्याच्या एजंटानं सांगितलं, इथं यायला आणखी उशीर होईल, कारखान्यातून स्वतः आणत असाल तर लगेच मिळेल. गाडी कोण आणणार यावर घरात खडाजंगी झाली. आबांचा पुतण्या म्हणाला, “काका, कोकण्याले नारळ काढाले झाडवर चढू द्या. गाडी मी लई येसू.”

“गाडी तोच लई येई,” आबा म्हणाले आणि विषय संपला. माझी भीती मात्र तिथून सुरू झाली. गाडीला काही झालं असतं तर आबांचा शब्द खोटा पडला असता, आणि मग मला त्या घरात राहायला तोंड उरलं नसतं.

कारखान्यातल्या माणसानं पांढरी गाडी आमच्यापुढं उभी केली. सीटांवर अजून प्लास्टिक होतं. तो मला समजावू लागला. पहिली सर्व्हिसिंग होईपर्यंत चाळीसच्या वर जायचं नाही, ओझं भरायचं नाही, इंजिन तापलं तर थांबायचं. मी नुसता मान हलवत होतो. आबांनी मात्र नीट विचारलं, “म्हणजे हळू हाकायची, ओझं नाही घालायचं, मधून मधून दम खाऊ द्यायचा. नव्या बैलासारखंच की.”

“तसंच समजा,” तो हसून म्हणाला.

आबा तसंच समजले. कसारा घाटात मागचे ट्रक हॉर्न देऊन देऊन थकले, शिव्या देत पुढं गेले. आबा खिडकीतून हात दाखवून सांगत, “नवी आहे, भाऊ, नवी आहे!” गाव आलं की गाडी थांबवायची, बॉनेट उघडायचं आणि बाजूला झाडाखाली बसायचं. नाशिकला मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी राहुडच्या घाटात तापमानाचा काटा वर सरकला तशी मी गाडी कडेला घेतली. क्लीनर असताना एका मेस्त्रीकडून ऐकलं होतं, तापल्या इंजिनावर गार पाणी पडलं की तडा जातो आणि मग नुसतं भंगार उरतं. ते वाक्य डोक्यातून जाईना. लळिंगचा घाट उतरून धुळ्यात शिरलो तर बाजारातल्या सायकलींची हँडलं दोन्ही बाजूंनी अंगावर आल्यासारखी वाटू लागली. आबा दार धरून बसलेले, मी श्वास धरून. धुळं मागं पडलं तेव्हा गाडीवर एक ओरखडा नव्हता.

ऊन कलता आम्ही गावाच्या शिवेवर पोचलो. तिथं अर्धं गाव उभं होतं. पुढं अक्का, हातात पाण्यानं भरलेला मोठा तांब्या, कुंकू, भाकरीचा तुकडा.

“थांब रे भाऊ! पाय धोयाशिवाय घरमा कशी येई ती?”

नवी बैलजोडी आली की त्या घरी असंच करत. शिवेवर पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पाणी पाजायचं, मग आत. मी गाडी थांबवली. आबांनी सवयीनं बॉनेट उघडलं. अक्कांनी चारी चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, भाकरी ओवाळून टाकली. मग समोर आल्या. बॉनेट वर, आतून गरम वाफारा.

“आ करी ऱ्हायनी बाई. तहान लागनी तिले,” असं म्हणून त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी आत ओतलं.

चर्र झालं. वाफेचा लोट उठला, पोरं किंचाळत मागं पळाली. मी ओरडलो बहुतेक, पण आवाज निघाला की नाही आठवत नाही. मेस्त्रीचं वाक्य तेवढं ऐकू येत होतं.

किल्ली फिरवली. गाडी नुसती घरघरली. पुन्हा फिरवली. तेवढीही घरघर नाही.

पुतण्या कमरेवर हात ठेवून म्हणाला, “मारी टाकी ना गाडी त्यानी! सांगेल व्हतं मी.”

मी आबांकडं पाहिलं. आबा नुसते गाडीकडं बघत राहिले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. स्टिअरिंगवर डोकं टेकवून मी मनातल्या मनात माझी ट्रंक भरायला घेतली.

खिडकीशी अक्का आल्या. “रे पोऱ्या, तू कसाले रडस? नवी शे ती. तिले बी भ्याव वाटस. नवा बैल बी पह्यला दिन आपला पायवर घरमा नही येस.” मग मागं वळून पुतण्याला म्हणाल्या, “तू काय उभा शे? बैल लई ये.”

बैल आले. दोर बांधला. पुढं बैलजोडी, मागं मुंबईहून आणलेली पांढरी गाडी, आत मी. गावाचा रस्ता उताराचा. गाडी आपोआप पुढं जायची आणि बैलांची शेपटं काचेला लागायची. ब्रेक जोरात दाबला तर दोर तुटेल, सोडला तर बैलांच्या पायांवर जाईन. तिन्ही घाटांत वाटली नव्हती तेवढी भीती त्या उतारावर वाटली. दोन्ही बाजूंनी माणसं हसत होती. एक म्हातारबाबा ओरडले, “आबा, बैलच घेवाना व्हतात ना आखो एक जोडी!” आबाही हसले तेव्हा. मी हसलो नाही.

सकाळी अंगणात चांगलं ऊन आलं. आत गेलेलं पाणी सुकावं म्हणून आबांनी बॉनेट उघडं ठेवून गाडी वाळवणाच्या पापडासारखी तापू दिली. मग हाक मारली, “बस.”

किल्ली त्यांनी पुतण्याकडं दिली नाही, माझ्या हातात ठेवली. पहिल्यांदा नुसती घरघर. दुसऱ्यांदा गाडी खोकली, थरथरली आणि चालू झाली. मी इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकत राहिलो. तडा गेल्याचा आवाज कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रत्येक आवाज तोच वाटत होता.

“आता अक्कांना देवीला घेऊन जा,” आबा म्हणाले. “आणि गाडी तूच चालवायची. रोज.”

मी खाली उतरून मागचं दार उघडलं. अक्का नवं लुगडं नेसून आल्या, प्लास्टिकवर ऐसपैस बसल्या. मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या.

“अक्का, पाणी कशाला?”

“वाटमा लागी तिले.”

देवीपर्यंतच्या त्या रस्त्यावर मी समोर कमी आणि आरशातून त्या तांब्याकडंच जास्त बघत होतो.