मगर गाडीनं माहेरी

नर्सबाई गाडीत बसाच्या आधी बोनेटले स्टेथोस्कोप लावे. डोळे मिटून आयके अन् मंग म्हने, "ठीक हाय. जराशी घाबरली हाय." गाडी घाबरली का आपन, हे मले कधी समजलं नाई. एकदा हिंमत करून म्हनलं, "बाई, मलेबी आयकू द्या." नळ्या कानात घातल्या, टोक बोनेटवर ठेवलं अन् डॉक्टरसारखी मान हालवत राह्यलो.

बाई म्हने, "काय आयकू आलं?"

म्हनलं, "लय जोरात धडधड होऊन राह्यली बाई. इंजन जाते वाटते."

"सोमा, गाडी बंद हाय. टोक घसरून तुह्या छातीवर आलं. इंजन तुह्यं जाऊन राह्यलं."

सोमा म्हंजे मी. मूल रोडवर माह्यं पंक्चरचं दुकान हाय. शाळेशी माह्यं येवढंच नातं, का शाळेची कौलं बदलाले मजुरीनं गेलो, अन् पाय घसरून छपरातून सरळ चौथीच्या वर्गात पडलो. म्हून कोनी शिक्षन विचारलं तं मी चौथी सांगतो. खोटं नाई ते.

बाईची सारी नोकरी जंगलात गेली. आधी एटापल्ली, मंग धानोरा. पायी गावं फिरून तिनं बाळंतपनं केली. रिटायर झाली अन् माह्या दुकानामांगच्या नव्या गावात बापाच्या घरी राहाले आली. नवं गाव म्हंजे खानीनं उठवलेल्या लोकाईले दिलेलं गाव. घरं सारी सारखी, रांगेत. मी दोनदा दुसऱ्याच्या घरी जेवून आलो हाव.

त्या घराच्या शेडमधी ती गाडी होती. दोन दाराची, बसकी, अन् तोंड इतकं लांब का आमी तिले मगरच म्हनो. बाईचे बाबा एका कारखान्यातल्या गोऱ्या इंजिनिअरचे ड्रायव्हर. साहेब आपल्या देशात गेला अन् जाताना गाडी बाबाईले देऊन गेला. मांगं पितळी अक्षरं होती. बाई म्हने, "ते जीटी हाय." मले वाचता येत नाई, पन अंदाज लय चालते. मी गावभर सांगून टाकलं, का ही गडचिरोली टॅक्सी हाय. दुसऱ्या दिवशी सकाळी एक म्हातारा दोन बकऱ्या घेऊन बाईच्या दारात उभा. म्हने, मार्कंड्याच्या जत्रेले सोडून द्या.

दुसरं कोनी असतं तं हाकललं असतं. बाईनं म्हाताऱ्याले चहा पाजला, मगरीत बसवलं अन् खरंच मार्कंड्याले सोडून आली. बकऱ्या मले सांभाळाले ठेवल्या. त्याईनं माह्या दुकानातली सोल्यूशनची ट्यूब खाल्ली.

संध्याकाळी बाई म्हने, "जीटी म्हंजे ग्रँड टूरिंग, सोमा. लांब लांब फिरून येनारी गाडी."

"मंग ही कुठी कुठी फिरून आली?"

बाईनं विचार केला. "शेडमधून अंगनात. अन् आज मार्कंड्याले."

बाईची एक सवय होती. कोनीबी घाबरून, चिडून, रडत आलं, का ती म्हने, "पह्यले बसा, मंग बोला." पेशंटले म्हने, सरपंचाले म्हने. एकदा हायवेवर पोलिसानं गाडी अडवली अन् वरडाले लागला. बाईनं दार उघडलं अन् म्हने, "पह्यले बसा भाऊ." तो खरंच आत बसला. बसल्यावर त्याले वाटलं, आता वरडाचं कसं? बाईनं त्याची नाडी पाह्यली अन् सांगतलं, "मीठ कमी खात जा." पावती न फाडता उतरला तो.

आता डोंगराचं सांगतो. आमच्याकडं खान खोदली, का वरची माती काढून बाजूले टाकतात. टाकता टाकता डोंगर होते. पोट्टे विचारतात, हा डोंगर कोन्या देवानं केला? आमी सांगतो, डंपरनं. बाईचं जुनं गाव जिथी होतं, तिथी आता खड्डा हाय, निळ्या पान्याचा. पन त्या गावच्या वावराची काळी माती तेवढी येगळी ठेवली होती. डोंगर पुरा झाल्यावर ती सगळ्याच्या वर पसरली, झाडं लावाले.

बाई अंगनातून त्या डोंगराकडं पाहे. "माह्यं गाव आता खाली नाई, सोमा. वर हाय."

बाईचं लग्न झालं तवा बाबा म्हनले होते, का तुले माहेरी आनाले मी याच गाडीनं येईन. पन कधी टायर नाई, कधी पार्ट नाई. दरवेळी बाबा एसटीनंच आले. मंग गाव उठलं, गाडी ट्रॉलीवर टाकून नव्या गावात आली, बाबाबी गेले. बाईच्या मनात येवढंच राह्यलं, का एकदा या गाडीनं माहेरी जायाचं. पन डोंगराले तारेचं कुंपन, गेटवर गार्ड. बाई तिथी जाऊन आली होती. गार्ड म्हने, "वर कोन हाय तुमचं?" बाई म्हने, "माहेर." गार्ड हासला अन् गेट काई उघडलं नाई.

अन् मंग एक दिवस मी खबर आनली. नागपूरची काई शौकीन मंडळी त्या डोंगरावर कार्यक्रम करनार होती. वरपर्यंत वळनावळनाची डांबरी सडक बांधली होती, ट्रॅक म्हनत तिले. टपरीवर मले आयकू आलं, का डोंगरावर हिल क्लेम हाय.

आमच्याकडं क्लेम म्हनलं का एकच गोष्ट. जंगलजमिनीचा दावा. धानोऱ्यापासून एटापल्लीपर्यंत ज्याच्या-त्याच्या तोंडी तेच. मले वाटलं, जंगल सरलं वाटते, आता डोंगर वाटून राह्यले. घेतले कागद, राशन कार्ड, फोटो. दाव्याले जुना म्हातारा साक्षीले लागते, म्हून तो बकऱ्यावाला म्हातारा संग घेतला. तिथी मांडवात टेबल टाकून एक साहेब बसला होता.

म्हनलं, "साहेब, डोंगराचा दावा लावाचा हाय."

साहेब म्हने, "गाडी कोणती?"

"एसटीनं आलो."

"अहो, वर कोणती गाडी नेणार?"

म्हाताऱ्याले वाटलं, आपली साक्ष सुरू झाली. तो हात जोडून म्हने, "साहेब, याचा बाप, आजा, सारे याच डोंगरावर नांगर हाकत होते." डोंगर होऊन धा-बारा वर्सं नाई झाली!

मी येऊन बाईले सांगतलं, तं बाई हासून हासून भिंतीले टेकली. "क्लेम नाई रे, क्लाइंब. चढाची शर्यत. खालून एकेक गाडी सोडतात, वर लवकर पोचन तो जिंकला." मंग डोळे पुसत म्हने, "सोमा, त्या दिवशी गेट उघडं राहीन ना?"

"शर्यतीतल्या गाड्याईले राहीन."

बाईनं शेडकडं पाह्यलं. म्हने, "पंप आन. टायर पाहू."

शर्यतीच्या दिवशी सगळ्या जुन्या गाड्या आरशासारख्या चमकून राह्यल्या होत्या. मानसं एकसारखे जाकीट घालून. आमच्या मगरीवर कोंबडी बसून गेल्याची निशानी होती, ती मी टोपीनं झाकली. त्या टेबलावरल्या साहेबानं मले वळखलं. जरा सरकूनच बसला. मंग बाईले म्हने, "मॅडम, एकच संधी आहे. चढावर गाडी थांबली, तर ट्रॅक्टर लावून खाली आणू. पुन्हा सोडणार नाही." बाई म्हने, "समजलं."

"तुमच्याबरोबर कोण बसणार? हे मेकॅनिक आहेत का?"

बाई म्हने, "नाई. हा माहा मुराळी हाय."

साहेबाले समजलं नाई. लेकीबाळीले सासरहून माहेरी न्यायले जो येते तो मुराळी, हे बाईनं त्याले सांगतलं. भाऊ येते, नाईतं चुलता. मी पंक्चर काढनारा मानूस, मले कोनी कशात मोजत नाई. त्या दिवशी बाईनं मले भावात मोजलं. मी येवढा फुगलो, का हेल्मेट उलटं घातलं अन् म्हनलं, "बाई, अंधार काऊन झाला?"

झेंडा पडला. मगर निघाली. निघाली म्हंजे, आमच्या बाजूनं एक कुत्रं चाललं होतं, ते पह्यल्या वळनापर्यंत आमच्या पुढंच होतं. दुसऱ्या वळनावर चढ असा उभा झाला, का समोर सडक नाई, आभाळच दिसे. इंजनाचा आवाज बदलला. पान्याच्या गरमीचा काटा लालमधी गेला, अन् मगरीच्या नाकाखालून वाफ येऊन राह्यली.

मी वरडलो, "बाई, थांबवा! उकळली!"

"थांबली का ट्रॅक्टर येईन."

"नाई थांबली तं फुटन!"

बाई म्हने, "पह्यले बस, मंग बोल." मी बसूनच होतो. तिनं हात लांबवून एक खटका ओढला, अन् माह्या पायावर चुलीसारखी गरम हवा आली. हीटर! चंद्रपुरात! आमचा उन्हाळा असा, का लोकं इथून बदली मांगतात, अन् ही बाई गाडीत हीटर लावते! मले वाटलं, आता इंजन वाचन अन् आपन जाऊ.

"इंजनाची गरमी आत घेऊन राह्यलो, सोमा. थोडी थोडी आपन वाटून घेऊ. बाबा असंच करत."

वाटून घेतली. माह्या वाट्याले जास्त आली. तरी घामाच्या धारेतून मी काट्याकडं पाहत होतो, अन् काटा केसभर खाली आला. बाईनं पह्यला गिअर टाकला. गाडी इतकी हळू झाली, का रस्त्यावरचा खडा न् खडा मले मोजता आला असता, मोजता येत असतं तं. पन थांबली नाई. बाई तिच्याशी बोलत होती. बाळंतिनीशी बोलाची तशी. "येते, येते. जराशी राह्यली. दम घे." शेवटच्या वळनावर मीबी बोलाले लागलो, "येते बाई, येते," अन् मले खरंच कळा आल्यावानी झालं.

वर चुन्याची रेघ होती. ती आमी ओलांडली. बाकी गाड्या तिथी थांबत. बाईनं गाडी पुढं, गवतात नेली, जिथी काळी माती होती. बंद केली. चपला गाडीत ठेवून उतरली.

ती काठाशी जाऊन उभी राह्यली. खाली खड्ड्यातलं निळं पानी. पलीकडं नव्या गावाची सारखी घरं. बाई खाली बसली अन् मातीवर हात फिरवत राह्यली. घरी पोचल्यावर म्हातारी बाई ओटा चाचपते तसा. मी डोळे पुसले. आत खारा घाम गेला होता.

तेवढ्यात रेघेजवळचा वायरलेसवाला धावत आला. म्हने, "खालून विचारताहेत, गाडी बंद पडली का? पुढची गाडी सोडायचीय." बाई उठंना. मीच त्याच्या हातातला डबा घेतला अन् त्यात बोललो, "बंद नाई पडली. बाई माहेरी आली हाय. चहा झाल्याबिगर माहेरहून कोनी निघते का?"

डब्यात खरखर झाली. मंग तो टेबलावरला साहेब स्वतःच जीप घेऊन वर आला. हातात थर्मास. बाईपुढं चहा ठेवला अन् बाजूले उभा राह्यला.

निघताना बाईनं पदर पसरला. माहेरहून लेक रिकामी जात नाई, हे मलेबी समजते. पन खिशात काय, तं ट्यूबच्या वॉलच्या टोप्या अन् दाव्यासाठी काढलेले माह्येच फोटो. मी दोन्ही हातानं ती काळी माती उचलली अन् पदरात टाकली. बाईनं गाठ मारली अन् म्हने, "चाल."

आमचा नंबर लागलाच नाई. घड्याळवाल्यानं घड्याळ बंद करून ठेवलं होतं.

पुढं बाईचे गुडघे गेले. लेक येऊन तिले हैदराबादले घेऊन गेली. मगर तिनं त्या साहेबाले देऊन टाकली, अन् स्टेथोस्कोप मले. मी त्याच्यानं ट्यूबमधली हवा कुठून जाते ते आयकतो. आयकू काई येत नाई, पन गिऱ्हाईक घाबरून गप राहते.

दर आठवड्याले बाईचा फोन ये. राम राम नाई, काई नाई. सरळ विचारे, "माहेर कसं हाय?" मी दुकानाबाहेर येऊन डोंगराकडं पाहो अन् सांगो. हिरवं झालं बाई. पळस लागला बाई. आज धुक्यात हाय, दिसत नाई. एकदा मी दुकानात बसूनच सांगतलं, "लय छान हाय." बाई म्हने, "उठून पाह्य, मंग सांग."

यंदाच्या हिवाळ्यात फोन बंद झाला. लेकीनं कळवलं, का बाई गेली. ती पदरातली माती कुंडीत होती, ती बाईसंगच दिली म्हने.

सायकल घेतली अन् डोंगराच्या गेटवर जाऊन उभा राह्यलो. तोच गार्ड. म्हने, "काय पाह्यजे? आत जाता येत नाई."

म्हनलं, "आत नाई जायाचं. इथूनच वर निरोप द्याचा हाय."

"कोन हाय तुमचं वर?"

"माह्यं कोनी नाई, भाऊ," म्हनलं. "मी मुराळी हाव."