भाऊजींनी मऊ केलेला ग्लोव्ह

नवी वस्तू आधी स्वतःला टोचून घेतल्याशिवाय घरातल्या कोणाला वापरू द्यायची नाही, एवढ्यासाठीच आमच्या भाऊजींनी जन्म घेतला असावा. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे मालक, मुक्काम मेडशी, धंदा शेती. घरात कोणाचीही नवी चप्पल आली की ती आधी भाऊजींच्या पायात. फोड त्यांना येतात, चप्पल मऊ होते, मग ती ज्याची त्याला मिळते. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या मोजड्या सकाळपासून मांडवभर फिरवल्या. वरातीत मी पाय उचलला तर सैल झालेली एक मोजडी थेट बँडवाल्यांत जाऊन पडली. "पण चावली काय?" भाऊजींनी विचारलं. चावली नव्हती, हे मला कबूल करावं लागलं. हा माणूस शहाणा की वेडा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

यंदा त्यांची मुलगी पायल शाळेच्या बेसबॉल संघात आली आणि जिल्ह्याच्या निवडीसाठी तिला वाशिमला जायचं ठरलं. पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. तिच्यासाठी कुरिअरने चामड्याचा ग्लोव्ह मागवला. तो इतका कडक निघाला की तिने कितीही जोर लावला तरी मिटेना आणि आलेला चेंडू आपटून बाहेर पडे. भाऊजींचा घोर मात्र वेगळाच. "एकच काहून धाडला? दुसऱ्या हाताचा कुठी हाये?" यावरून ते कुरिअरवाल्याशी भांडूनही आले. शाळेत खेळाच्या सरांनी आम्हा दोघांना समजावलं, की हा डाव्या हातात घालून झेलायचं आणि उजव्याने फेकायचं. भाऊजींनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला हळूच म्हणाले, "पोरगी तं उजवी हाये. मंग झेलाचं काम डाव्याले कायले?"

पण समजली नाही म्हणून वस्तू मऊ करायची थोडीच राहते? बैलाच्या पट्ट्याला लावतात तसं एरंडेल चोपडून भाऊजींनी ग्लोव्ह हातात चढवला, तो काढायचं नावच घेईनात. मोटरसायकलचा क्लच त्याच हाताने, बाजारात वांगी निवडणं त्याच हाताने, मयतीला गेले तर हात जोडतानाही ग्लोव्ह. एसटीत कंडक्टरने विचारलं, "काका, हात मोडला काय?"

"नाई. मऊ करून राह्यलो."

ग्लोव्ह खरंच मऊ झाला. फक्त तो भाऊजींच्या हाताचा झाला. निवडीच्या आदल्या दिवशी पायलने हात घातला तर तिचा पंजा आत हरवून गेला. ती रडली नाही, नुसती बापाकडे बघत राहिली. शेवटी ताईने तिच्या हातात थंडीचा लोकरी मोजा घातला आणि वर तो ग्लोव्ह. मैदानावर पहिला चेंडू निसटला तेव्हा भाऊजींनी डोळे मिटून घेतले. पुढचे सगळे तिने धरले. निवड झाली. भाऊजी दिसेल त्याला मिठी मारत सुटले.

संघाकडून पायलला नवा ग्लोव्ह मिळाला, तिच्या मापाचा, करकरीत. सवयीने भाऊजींनी हात पुढे केला. तिने ग्लोव्ह पाठीमागे नेला.

"राहू द्या बाबा. हा मलेच करू द्या मऊ."

परवा मेडशीला गेलो तर ती अंगणात भिंतीवर चेंडू मारून झेलत होती. भाऊजी ओट्यावर बसलेले. मला जवळ बसवून म्हणाले, "हात लाल झाला तिचा, पाह्य. दुखतच अशीन. पण मले देत नाई."

मीही त्यांच्यासोबत तिच्याकडे बघत बसलो.