काकांचा रिषभ ऐकायला नळदुर्गला

डिसेंबरात मी एकटाच नळदुर्गला जाऊन आलो. खरं तर निघालो होतो अणदूरला. नळदुर्गला पोचलो तो माझ्या अडाणीपणामुळे, त्याबद्दल पुढे सांगतोच. किल्ला बघायला जायचा विचार असेल तर ही पोस्ट थोडीफार उपयोगी पडेल. किल्ला मी अर्धाच बघितला, हे आधीच कबूल करून टाकतो.

मी पुण्यात कीबोर्ड वाजवतो. 'सरमिसळ' नावाचा आमचा चौघांचा बँड: ड्रम्स, बेस गिटार, मी, आणि सनईवर अणदूरचे नागनाथकाका. जॅझ आणि रागदारी एका ताटात वाढायची, असा सगळा खटाटोप. काका साठीच्या घरातले. उभं आयुष्य खंडोबाच्या देवळात सनई वाजवण्यात गेलं. चार वर्षं ते डिसेंबर सोडला तर प्रत्येक कार्यक्रमाला गाडी पकडून पुण्याला यायचे. यंदा आम्ही पहिला अल्बम रेकॉर्ड केला. त्यातला भैरव तयार झाल्यावर मी त्यांना फोनवर पाठवला आणि त्या दिवसापासून काकांनी माझा फोन उचलला नाही.

ड्रमर म्हणाला, दुसरा सनईवाला बघू. बेसवाला म्हणाला, सॅक्सोफोन घेऊ, कटकट मिटेल. त्या दोघांकडे आणखी बँड आहेत, घरं आहेत, पोरंबाळं आहेत. माझ्याकडे हा एकच बँड होता. आणि स्पष्टच लिहितो, दर रविवारी मला आपणहून फोन करणारे जगात फक्त काकाच होते. ते रविवार रिकामे जायला लागल्यावर मी ठरवलं, जायचं आणि त्यांना परत आणायचं.

पुण्याहून पहाटेची गाडी, सोलापूर स्टेशनवरून रिक्षानं एसटी स्टँड आणि तिथून उमरग्याची एसटी. हैदराबादचा रस्ता उत्तम आहे, दीडेक तासात अणदूर येतं. दोन्ही बाजूंना ज्वारी कमरेच्या वर आलेली. शेजारच्या आजोबांनी विचारलं, "कुनाकडं?" मी म्हटलं, "ओळखीचे आहेत." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

अणदूरच्या देवळात शुकशुकाट. अंगण झाडणाऱ्या एका बाईंना विचारलं, सनईवाले नागनाथकाका कुठं भेटतील?

"नळदुर्गाला."

"काही कामाला गेलेत का?"

त्यांनी झाडू थांबवला. "देव तिकडं गेल्यात न्हवं! देव तिकडं आन् सनईवाला हितं बसून काय करंल?"

तेव्हा कळलं. इथला खंडोबा दोन गावांचा. वर्षातला बराचसा काळ देव अणदूरला असतात, आणि मार्गशीर्ष-पौषात नळदुर्गच्या मैलारपूरला मुक्कामाला जातात. दोन्ही गावांचे मानकरी त्यासाठी लेखी करार करतात. पौषातली यात्रा झाली की देव परत. देवाबरोबर सेवेकऱ्यांचं बिऱ्हाडही हलतं. दर डिसेंबरात काका कार्यक्रमाला नाही म्हणायचे, "देवाचं काम हाय" म्हणून. आम्ही तिघं आपसात वैतागायचो, हसायचोसुद्धा. कसलं काम, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. त्या झाडलेल्या अंगणात मला माझीच लाज वाटली.

नळदुर्ग तिथून अगदी जवळ आहे, वडापची जीप मिळते. स्टँडजवळ साध्या लॉजवर खोली घेतली. सकाळी गरम पाणी बादलीनं देतात, त्यासाठी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. खाणावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि लालभडक आमटी. आमटीनं डोळ्यांतून पाणी काढलं. खाणावळवाला म्हणाला, "दही देऊ का, पुण्याचं पाव्हनं?" दिलं.

काका आता संध्याकाळीच देवळात येतील असं कळलं, म्हणून दुपारी किल्ला. बोरी नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. बाहेर पाणी, आत गार सावली. नदीला पाणी बेताचं होतं, धबधबे बंद. ते बघायचे असतील तर पावसाळ्यात जा. एका कुटुंबानं मला फोटो काढायला सांगितलं. नऊ जण होते, मी चार फोटो काढले. मग त्यांच्यातल्या काकू म्हणाल्या, "तुमचा काढू का?" मी नको म्हटलं. एकट्याचा फोटो काढून दाखवायचा कुणाला? किल्ल्यातल्या सगळ्यात उंच उपली बुरुजावर चढायचं मन झालं नाही, तसाच परत फिरलो.

मैलारपूरच्या देवळात पायरीवर काका बसले होते. सनईची पत्ती ओठात धरून भिजवत होते. मला बघून ना चकित झाले ना रागावले. सरकून जागा दिली.

"फोन का नाही उचललात, काका?"

"उचलून काय बोलायचं, केदारराव?" पत्ती त्यांनी बोटांत धरली. "गाणं म्या ऐकलं. फुंक माझीच हाय. बोटं माझीच. पर त्यो रिषभ कुनाचा हाय?"

वाचकांसाठी सांगतो. भैरवातला रिषभ एका जागी उभा राहत नाही, झोक्यावर बसल्यासारखा हलतो. कीबोर्डवर तो नाहीच, दोन पट्ट्यांच्या फटीत पडतो. माझे कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार स्वर, आणि त्यांचा रिषभ एकमेकांना घासत होते, कानाला खुपत होतं. आजकाल कॉम्प्युटरवर स्वर सरळ करता येतो. मी तो केला. सगळ्या ठिकाणी. न विचारता.

"तुमी त्याला इस्त्री मारली," काका म्हणाले. "आमच्या वडलांनी दोन वरसं निस्ता त्यो रिषभ घासून घेतला हुता माझ्याकडनं."

मी माफी मागितली. ते 'असू द्या' म्हणाले, पण ते असू द्या रस्त्यात धक्का लागल्यावर म्हणतात तसलं होतं. मग म्हणाले, "सकाळच्याला या. चुलतभाऊ डोळ्याच्या आपरेशनला सोलापूरला गेलाय. सूर धरायला मानूस न्हाय."

सनई कधी एकटी वाजत नाही. एक जण वाजवतो, दुसरा मागं एकच सूर धरून बसतो. तो चुलतभाऊ. सकाळी थंडीत कुडकुडत पोचलो तर देवळातली भजनाची पेटी माझ्यापुढे आली. काकांनी पत्ती जरा आत सारून सनई पेटीला मिळवली आणि म्हणाले, "सा. बाकी कशाला हात लावू नगा."

एक पट्टी दाबायची आणि भाता हलवत राहायचं. शाळेतलं पोरही करेल. पहिल्या पाच मिनिटांत माझी बोटं शिवशिवायला लागली. काका वर चढत होते, मला त्याखाली एक गंधार सुंदर दिसत होता, आणि मी तो दाबला. काका थांबले. मागं वळले नाहीत, नुसते थांबले. मी बोट उचललं. मग ते परत सुरू झाले.

आणि मग तो रिषभ आला. माझ्या एका सुराच्या शेजारी हलत, जवळ येत, सरकत, कुठंच न टेकता. समोर लोक भंडारा उधळत होते, येळकोट चालला होता, आणि मी पेटीमागे बसून रडत होतो. चार वर्षं हा स्वर माझ्या शेजारी वाजत होता आणि मी त्याच्यावर कॉर्ड ओतत होतो. मला तो कधी ऐकूच आला नव्हता.

नंतर चहा पिताना विचारलं, "परत याल का, काका?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "न्हाय. राग न्हाय तुमच्यावर. तिकडं वाजवताना मला सारखं वाटायचं, आपुन पाव्हनं हाव. लई मान दिला तुमी. पर पाव्हनंच."

"चारही वर्षं?"

"व्हय."

निघताना त्यांनी पिशवीत हुरडा बांधून दिला. एसटीत खिडकीची जागा मिळाली. सोलापूर येईपर्यंत मी पिशवी मांडीवर धरून बसलो होतो.

घरी आल्यावर भैरवची फाईल उघडली. काकांचे सगळे रिषभ होते तसे परत ठेवले. लगेच माझा कीबोर्ड बोचायला लागला. एक कॉर्ड काढला. मग शेजारचा. मग सोलो, ज्यावर मी महिनाभर खपलो होतो. संध्याकाळपर्यंत ड्रम्स, बेस आणि सनई एवढंच उरलं. नऊ मिनिटं सलग ऐकलं. आमच्या बँडनं केलेली ही सगळ्यात चांगली गोष्ट आहे, हे ऐकताक्षणी कळलं. कुणाला सांगावं तर घरात कुणी नव्हतं. मी ती काकांना पाठवली.

रविवारी फोन वाजला.

"ऐकलं," काका म्हणाले. "ह्यो माझा." मग, "पर ह्यात तुमची पेटी कुठं हाय?"

"नाहीये, काका. मी काढली."

पलीकडून देवळातली घंटा ऐकू येत राहिली. फोन त्यांनी ठेवला नव्हता, आणि मीही ठेवला नाही.