गाळलेली दोन वर्षं

माझ्या कादंबरीतलं कुटुंब बोरीवलीत राहतं, आमच्यासारख्याच सोसायटीत. एका प्रकरणाच्या शेवटी त्यांची मुलगी बारावीत जाते आणि पुढचं प्रकरण उघडतं तेव्हा ती कॉलेज संपवत आलेली असते. मधला काळ, करोनाच्या दोन वर्षांसकट, मी सरळ गाळला होता. संपादक म्हणाले होते, "करोना नको हो त्यात. लोक कंटाळलेत." मलाही हायसं वाटलं होतं. पण तेव्हापासून लिखाणात जीव रमेना. दोन ओळी लिहायच्या, उठायचं, उगाच गॅलरीत जाऊन यायचं.

शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या मैत्रिणीला बोलावून तो भाग वाचून दाखवला. तिचा नवरा दुसऱ्या लाटेत गेला. त्या विषयावर आम्ही कधी बोललो नव्हतो.

तिनं मध्येच थांबवलं. "हिची बारावीची परीक्षा झालीच नसेल ना गं त्या वर्षी?"

"मी करोना घेतलाच नाहीये. वगळलाय."

"वगळलायस?" ती हसली. "झकास. मला पण शिकव ना, कसा वगळायचा ते."

मग तीच बोलायला लागली. नवरा अ‍ॅम्ब्युलन्सपर्यंत स्वतःच्या पायांनी चालत गेला होता. खालून ओरडून म्हणाला, इस्त्रीचे कपडे आणून ठेव. पण इस्त्रीवाला आधीच गावी निघून गेला होता आणि तो परत आलाच नाही. "इस्त्रीला दिलेले नवऱ्याचे दोन शर्ट कुठे गेले, अजून माहीत नाही," ती म्हणाली आणि उठून घरी गेली.

त्या दुपारी मी सगळं लिहून काढलं, सलग. झाल्यावर मात्र चैन पडेना. हे माझं नव्हतं. संध्याकाळी पानं घेऊन तिचं दार वाजवलं. तिनं उंबऱ्यातच उभ्यानं वाचलं.

"शर्ट काढ यातले."

"आणि बाकीचं?"

"राहू दे. बाकीचं सगळ्यांचंच आहे."

मी शर्ट काढले. प्रकरण लंगडं झालं, हे मला कळतं. तसंच पाठवलं. संपादक म्हणाले, "बघू." आता ती रोज विचारते, "काय झालं गं?" काय सांगू? तिकडून अजून फोन नाही. आणि छापायला होकार आला, तर मला आनंद होईल की धडकी भरेल, तेही कळत नाही.