डिकीतला पाला

हिवाळ्यात ताईकडे विचुंब्याला गेले होते. चिरनेरचं हुतात्मा स्मारक बघायला निघालो, तर भाऊजींनी वाटेत गाडी थांबवून बांधावरचा रानपाला उपटला आणि डिकीत कोंबला.

"हा कशाला?"

"संध्याकाळच्या जेवणाला," ते म्हणाले.

दिवसभर गाडीत ओव्यासारखा उग्र वास. स्मारकापाशीही माझं अर्धं लक्ष डिकीत. असली भाजी मी खाणार नव्हते.

संध्याकाळी अंगणात भाऊजींनी मडक्यात पाला अंथरला, वालाच्या शेंगा आणि अंडी भरली, पाल्यानंच तोंड बंद केलं. मडकं उपडं ठेवून भोवती जाळ केला. पाण्याचा थेंबही नाही.

"करपेल," मी म्हटलं.

"पोपटी अशीच करतात," ताई म्हणाली.

मडकं उघडल्यावर भाऊजींनी पाला काढून फेकूनच दिला. शेंगांना मात्र गाडीतला तोच वास होता, आणि मी बोटं चाटत होते.