दावणीला न बांधलेल्या म्हशी

पुरानंतर लोकांच्या मनाची विचारपूस करायला कोल्हापूरला जाल का, असं आमच्या संस्थेनं विचारलं आणि मी लगेच हो म्हणाले. मी समुपदेशक आहे. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर माझंच, त्याचा थोडा गर्वही होता.

सकाळच्या एसटीनं पुण्याहून निघालं की दुपारी पोचता येतं. मुक्कामाला शाहूपुरीतलं साधं लॉज पुरतं. दुसऱ्या दिवशी मिसळ खाल्ली (तिखट झेपत नसेल तर कट वेगळा मागा) आणि माणसं भरली की सुटणाऱ्या वडापच्या जीपनं नदीकाठच्या गावी गेले. जीपमध्ये पुढची जागा धरा. मागे गुडघे ठेवायला जागा नसते.

शाळेच्या रिकाम्या वर्गात एकेकाला बोलावलं. त्यातले एक दत्तूतात्या, पन्नाशीचे, दुधाचा धंदा.

"पुराची स्वप्नं पडतात?"

"न्हाय."

"छातीत धडधडतं?"

"न्हाय की. मला काय धाड भरलीया?"

मी कागदाच्या तळाशी 'त्रास नाही' लिहिलं.

निघताना त्यांच्या बायकोनं, शालाकाकूंनी, चहाला घरी नेलंच. गोठ्यात तीन म्हशी मोकळ्याच, दावी खुंटीवर.

"पुरापासनं हे बांधूच देत न्हाईत," काकू म्हणाल्या. "म्हशी लोकांच्या उसात शिरत्यात. थोरला ल्योक म्हणतोय, शनवारी बाजारात इकूया. म्हशी गेल्या तर ह्यांच्यात काय ऱ्हातंय?"

शेजारचे हसनभाई कट्ट्यावरून ओरडले, "म्याडम, काय लिवलं? बरा हाय म्हनून? आवो, ह्यो गोठ्यातच झोपतोय!"

"गप ए हसन्या." मग माझ्याकडे न बघता तात्या म्हणाले, "एक ऱ्हायली. वल्या दाव्याची गाठ सुटंना. पानी गळ्याला आलं. सोडून आलो तिला."

मी सगळं त्यांच्याविषयी विचारलं होतं, आणि आपल्याला काही झालंय असं ते मानतच नव्हते. शिवाय एकट्याला बसवून विचारलं होतं. इथं एकाचं दुखणं शेजारी सांगतो.

मी मुक्काम वाढवला. संध्याकाळी धारेच्या वेळी हसनभाईंनी एका हिसक्यात सुटणारी गाठ मारली. "वड." तात्यांनी ओढली, सुटली. मग स्वतः पुन्हा बांधली. मी इतकंच ठरवून दिलं: आधी धार संपेपर्यंत बांधायचं, मग रोज थोडं वाढवायचं, हसनभाईंनी सोबत बसायचं. चौथ्या दिवशी धार संपली तरी तात्यांनी दावं सोडलं नाही. त्याचं टोक हातात धरून चहा प्यायले. शनिवारी म्हशी घरीच राहिल्या.

आता पुण्यात बसून हे लिहिते आहे. तात्या बरे झाले का? ठामपणे सांगता येत नाही. काकू फोनवर सांगतात, अजून गोठ्यातच झोपतात, पण म्हशी दावणीला असतात. त्या चहाला मी नको म्हटलं असतं तर, हा विचार आला की काकूंचे आणि हसनभाईंच्या आवाजाचे उपकार वाटतात.

हे लिहू का, नावं बदलून, असं तात्यांना विचारलं.

"लिवा की. माझं बदला," ते म्हणाले. "मागं ऱ्हायली, तिचं बदलू नका. चंद्री."