बैलाचा खांदा, माझी कंबर

बेल्ह्याच्या बैलबाजारात एक माणूस अंगात धरलेल्या गाठी मोकळ्या करतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी नोकरीसाठी कळंबहून रोज मोटारसायकलवर येतो, आणि कंबर धरली की त्याच्या गोणपाटावर जाऊन पालथा पडतो. मी कंबर दाखवतो, तो पोटरी दाबतो. मला ते पटत नाही, पण उठल्यावर कंबर वाकते. मेंढरांच्या गोष्टी सांगता सांगता गाठ सापडली, की तो वाक्य अर्धं सोडतो आणि अंगठा तिथंच ठेवून थांबतो. "जोर नाय लावायचा. ती आपून सुटती." खरंच सुटते, आणि त्या जागी ऊब पसरते.

एकदा एक व्यापारी लंगडता बैल घेऊन आला. "गिऱ्हाईक येतंय, तेवढ्यापुरता सरळ चालव." मला तसंच पालथं ठेवून यानं अर्धा तास बैलाचा खांदा चोळला. बैल सरळ चालायला लागला. गिऱ्हाईक आलं, तसा हा कुणी न विचारता म्हणाला, "पावणं, खांद्यात गाठ व्हती. आता मोकळी झालीय, पण पंधरा दिस औताला जुपू नका."

व्यापारी शिव्या देत राहिला. गिऱ्हाइकानं मात्र बैल घेतला.

मग तो माझ्याकडं वळला. "तुमी बी आठ दिस मोटारसायकल बंद ठेवा."

मी हो म्हणालो आणि मोटारसायकलवरूनच घरी गेलो.

महिन्यानं परत पालथा पडलो. त्यानं पोटरीवर अंगठा ठेवला. मग म्हणाला, "बैल बरा हाय."